अंमली पदार्थ : संज्ञा, अनुसूची आणि बंदीचा वाद

कृत्रिम गांजा आणि त्याच्या जातीची नवी रासायनिक द्रव्ये यांवर बंदी घालावी काय, घातल्यास ती कोणत्या रीतीने घालावी, आणि जुन्या गांजा-भांगेला त्याच बंदीत ठेवावे काय, हा वाद गेली पंधरा-सोळा वर्षे अनेक देशांच्या विधिमंडळांत चालू आहे. आपल्याकडे तो वृत्तपत्रांतून, परिसंवादांतून आणि न्यायालयांतून तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो. वैद्यक, समाजशास्त्र व विधी या शास्त्रांनी त्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखात त्याचे एकच अंग विचारार्थ घेतले आहे : ज्या मराठी संज्ञांनी आपण हा वाद करतो, त्या संज्ञांना तो पेलतो काय? प्रश्न संज्ञांचा असला, तरी तो केवळ भाषाशास्त्राच्या वर्गापुरता नाही. पंचनाम्यात कोणता शब्द पडतो, यावर एखाद्या विशीतल्या मुलाला सहा महिने कारावास व्हावयाचा की वीस वर्षे, हे पुष्कळदा ठरत असते.

या अभ्यासाला मीरा-भाईंदर हे सोयीचे क्षेत्र आहे. येथील नगरपरिषद १९८५ साली झाली आणि ज्या कायद्याचा येथे विचार करावयाचा, तोही १९८५ चाच आहे. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी तो अमलात आला. नगरपरिषदेची महानगरपालिका २००२ मध्ये झाली आणि वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून आले. मिठागरे, कोळीवाडे आणि आगरी गावे यांच्या भूमीवर चाळीस वर्षांत मुंबईची ही दाट वस्ती उभी राहिली. एकाच इमारतीत गुजराती शेजारी ‘केफी द्रव्य’ म्हणतो, उत्तर भारतीय शेजारी ‘नशीला पदार्थ’ म्हणतो, मराठी माणूस ‘अंमली पदार्थ’ म्हणतो आणि या तिघांचीही मुले ‘माल’ किंवा ‘एमडी’ म्हणतात. जुलै २०२५ मध्ये दुकानात मराठी बोलण्यावरून मीरा रोड येथे जे प्रकरण पेटले व जे मोर्चे निघाले, ते सर्वांच्या स्मरणात आहेत. मराठी कोणी बोलावी यावर एवढा जोर खर्च होत असताना, त्याच शहराच्या पोलीस ठाण्यांत लिहिल्या जाणाऱ्या मराठीने काय साधते आणि काय बिघडते, हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

प्रथम ‘अंमल’ हा शब्द घेऊ. तो मूळचा अरबी. ‘अमल’ म्हणजे कृती, कार्य. फारसीच्या वाटेने मराठीत येताना त्याला राज्यकारभाराचा अर्थ चिकटला : अंमल बसणे, अंमलदार, अंमलबजावणी. त्याच वाटेने दुसराही अर्थ आला. औषधाचे किंवा मद्याचे शरीरावर चालणारे राज्य, म्हणजे कैफ, म्हणजेही अंमल. मोल्सवर्थच्या कोशात राज्य आणि कैफ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली आढळतात. ‘अंमली पदार्थविरोधी कायद्याची कठोर अंमलबजावणी’ हे वाक्य दर आठवड्यास वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. त्यात एकच धातू दोनदा येतो, एकदा गुन्हा म्हणून व एकदा त्यावरील उपाय म्हणून. एवढा योगायोग हसून सोडून देता येईल. परंतु ‘अंमली’ हे विशेषण कशाचे वर्णन करते, हे पाहिले पाहिजे. ते पदार्थाचे वर्णन करीत नाही, पदार्थाच्या परिणामाचे करते. ज्याचा अंमल चढतो, तो अंमली. या व्याख्येने दारू अंमली ठरते, भांग ठरते, अफू ठरते, खोकल्याचे काही औषधही ठरते. तंबाखूविषयी वाद करता येईल.

जुन्या मराठीला अशा ढिगाऱ्याच्या शब्दाची गरज फारशी भासली नव्हती. तिने प्रत्येक कैफाला आणि प्रत्येक कैफी माणसाला वेगळे नाव दिले होते. गांजा ओढणारा तो गांजेकस, भांग पिणारा तो भंगड, अफू खाणारा अफीमबाज, दारू पिणारा दारुड्या. या नावांत केवळ द्रव्याचा भेद नाही; ओढणे, पिणे, खाणे हा सेवनाचा भेद आहे आणि समाजाच्या लेखी असलेला प्रतवारीचा भेदही आहे. भंगड हा थट्टेचा विषय होतो, अफीमबाज होत नाही. पुढे १९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर महाराष्ट्रात आली, तेव्हाही मराठी गप्प राहिली नाही. ‘गर्द’ हा धूळ, भुकटी या अर्थाचा जुना शब्द लोकांनी तिला दिला आणि त्यावरून ‘गर्दुल्ला’ हे नाम घडविले. अनिल अवचट यांनी याच नावाने पुस्तक लिहिले आणि १९८६ साली पुण्यात त्यांनी व डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, त्या वेळी ‘गर्द’ हा शब्द घरोघर पोचलेला होता. शब्द होता म्हणून आईबापांना प्रश्न विचारता आला. मेफेड्रॉनला मात्र मराठीने असे नाव दिलेले नाही. ‘म्याव म्याव’ हे परदेशी बाजारातले टोपणनाव काही काळ वृत्तपत्रांनी वापरले. आता ‘एमडी’ ही दोन अक्षरे उरली आहेत, आणि तीच अक्षरे डॉक्टरांच्या पाटीवरही असतात. कृत्रिम गांज्याला तर तेही नाही.

दर वर्षी २६ जूनच्या सुमारास महाविद्यालयांतून निबंधस्पर्धा होतात आणि भाषाविषयाच्या शिक्षकांकडे ते निबंध तपासावयास येतात. ‘अंमली पदार्थांवर बंदी आलीच पाहिजे’ हे वाक्य त्यांत हटकून असते. बंदी १९८५ पासून आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ढिगाऱ्याच्या शब्दाने विचार करणाऱ्याला बंदी कोणत्या द्रव्यावर आहे आणि कोणत्यावर नाही, हा प्रश्न सुचणारच नाही.

आता कायद्याकडे वळू. शासकीय मराठीत त्याचे नाव ‘गुंगीकारक औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असे रूढ आहे. हिंदीत पहिल्या अर्धाला ‘स्वापक औषधि’ म्हणतात. दोन्ही भाषांतरकारांनी मूळ इंग्रजी संज्ञेची व्युत्पत्ती उलगडून तिचे भाषांतर केले आहे. ग्रीक मुळाचा अर्थ बधिरपणा, म्हणून मराठीत गुंगी आणि हिंदीत स्वाप, म्हणजे झोप. पण कायद्याच्या या पहिल्या अर्धात कोकेन आहे, आणि कोकेनने गुंगी येत नाही, झोप उडते. दुसऱ्या अर्धाची गोष्ट याहून अवघड. ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ ही संज्ञा नाही, ते वर्णन आहे, आणि सकाळच्या चहालाही ते लागू पडते.

आपल्या व्याकरण-न्यायपरंपरेत शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ज्याचा अर्थ अवयवांवरून निघतो, तो यौगिक. ज्याचा अर्थ केवळ संकेताने ठरतो, तो रूढ. ‘पंकज’ हे योगरूढाचे परिचित उदाहरण होय : चिखलात पुष्कळ काही जन्मते, परंतु पंकज म्हणजे कमळच. १९८५ च्या कायद्यातील ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ’ ही संज्ञा शुद्ध रूढ आहे. ज्याचे नाव कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत आहे, त्याचे क्षार आणि त्यापासून केलेले सिद्ध पदार्थ, एवढाच तिचा अर्थ. एखादे द्रव्य मनाची कितीही उलथापालथ करीत असो, अनुसूचीत नाव नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते या संज्ञेत बसत नाही. भाषांतराने मात्र या रूढ संज्ञेला यौगिक वेष चढविला आहे. वाचणारा अवयवांवरून अर्थ काढतो आणि समजतो की, जे जे मनावर परिणाम करते ते ते बंद आहे. माझ्या मते मराठीतील बंदीच्या वादाचा निम्मा गोंधळ येथून निघतो. बंदी मागणारा यौगिक अर्थाने बोलत असतो आणि कायदा रूढ अर्थाने चालत असतो.

मेफेड्रॉनच्या बाबतीत याचा प्रत्यक्ष अनुभव महाराष्ट्राने घेतला. मुंबई आणि तिच्या उपनगरांत ते विकले जात होते, मुले त्याच्या आहारी जात होती, पोलिसांना पुड्याही सापडत होत्या. परंतु अनुसूचीत नाव नव्हते. फेब्रुवारी २०१५ मधील केंद्र शासनाच्या अधिसूचनेने ते नाव तीत आले आणि त्या दिवसापासून तीच भुकटी गुन्ह्याची वस्तू झाली. द्रव्य बदलले नव्हते, परिणाम बदलला नव्हता. नाव लिहिले गेले, एवढेच घडले.

कृत्रिम गांज्याचा इतिहास म्हणजे याच नामकरणाच्या पद्धतीला दिलेली हुलकावणी होय. अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांनी मेंदूतील ग्राहींचा अभ्यास करण्यासाठी अनेक संयुगे तयार केली. त्यांपैकी एकाचे नाव जेडब्ल्यूएच-०१८. ही अक्षरे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे होत. प्रयोगशाळेतील हे संयुग पुढे कोणी सुक्या पाल्यावर फवारले आणि ‘स्पाइस’, ‘के२’ अशा नावांची चकचकीत पाकिटे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांतून ‘धूप’ म्हणून विकली गेली. ही पाकिटे म्हणजे सुगंधी पाला आहे, असे ग्राहकांना सांगितले जाई. २००८ च्या अखेरीस जर्मनीतील रसायनज्ञांनी पाकिटात काय आहे ते ओळखले आणि जानेवारी २००९ मध्ये जर्मनीने त्यावर बंदी आणली. काही आठवड्यांतच बाजारातल्या पाकिटांत जेडब्ल्यूएच-०७३ आढळू लागले. रेणूत एका कर्बाणूचा फरक. अनुसूचीच्या दृष्टीने सर्वस्वी निराळी वस्तू. पुढची काही वर्षे हाच खेळ चालला. शासनाने नाव लिहावे आणि रसायनज्ञाने ते नाव सोडून पुढे जावे.

‘कृत्रिम गांजा’ हा शब्दही येथे तपासला पाहिजे, कारण त्याची दोन्ही पदे वाचकाला फसवतात. मराठीत ‘कृत्रिम’ हे विशेषण मूळ वस्तूची नक्कल सुचवते : कृत्रिम रेशीम, कृत्रिम दात. नक्कल ही मूळ वस्तूपेक्षा उणी असते, असा आपला भाषिक संस्कार. येथे उलट आहे. गांज्यातील टीएचसी हे द्रव्य मेंदूतील विशिष्ट ग्राहींना अंशतःच उद्दीपित करते; ही संयुगे त्याच ग्राहींना पूर्णतः उद्दीपित करतात. म्हणून आकडी, हृदयाचे विकार, भ्रम आणि मृत्यू ही गांज्याच्या सेवनात सहसा न दिसणारी लक्षणे येथे दिसतात. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी तीसहून अधिक माणसे रस्त्यात बधिर होऊन पडली, ती अशाच एका संयुगामुळे. त्याच संयुगाने २०१७ साली न्यूझीलंडमध्ये अनेक बळी घेतले. दुसरे पद ‘गांजा’. ते तर पूर्णच चुकीचे, कारण पाकिटातला पाला कोणत्याही झाडाचा असू शकतो. परंतु ‘गांजा’ म्हटले की, ऐकणाऱ्याच्या मनात चिलीम, साधू आणि शिवरात्र उभी राहते. ओळखीच्या वस्तूची भीती कमी वाटते. विक्रेत्याने हे नाव मुद्दाम निवडले असते, तर याहून चांगले निवडता आले नसते.

उलट दिशेची चूकही आपली वृत्तपत्रे करीत आहेत. थायलंडने २०२२ साली गांज्यावरील बंधने उठविल्यानंतर बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर येणारा जो गांजा पकडला जातो, त्याला ‘हायड्रो गांजा’ म्हणतात आणि जणू ते एक नवे रसायन आहे, अशा स्वरात बातम्या येतात. हायड्रो म्हणजे मातीवाचून, पाण्यावर वाढविलेला. नाशिकच्या द्राक्षांना ठिबक सिंचन केले म्हणून त्यांना कोणी ‘ठिबक द्राक्षे’ असे निराळे फळ मानीत नाही. म्हणजे जे गांजा नाही त्याला आपण गांजा म्हणतो आणि जो गांजा आहे त्याला दुसरेच काही समजतो.

नावांच्या मागे धावून थकलेल्या राष्ट्रांनी अखेर निराळे मार्ग शोधले. ब्रिटनने २०१६ साली केलेला कायदा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे, कारण त्यात यौगिक अर्थच कायदा म्हणून लिहिला गेला. मज्जासंस्थेला उत्तेजित किंवा मंद करून मनाच्या व्यापारावर वा भावनेवर परिणाम करणारे जे जे द्रव्य, त्याचा व्यापार निषिद्ध. मग लगेच मद्य, तंबाखू, कॅफीन, औषधे आणि अन्न यांना वगळावे लागले, नाही तर चहाचे दुकान बंद करावे लागते. एवढे करूनही ‘पॉपर्स’ नावाचे एक द्रव्य व्याख्येत बसते की नाही, यावर खुद्द शासनाच्या तज्ज्ञ मंडळाशी वाद झाला. परिणाम थेट होतो की अप्रत्यक्ष, हा प्रश्न आला. न्यूझीलंडने २०१३ साली याच्या अगदी विरुद्ध प्रयोग केला होता : उत्पादकाने आपल्या द्रव्याचा धोका अल्प असल्याचे सिद्ध करावे आणि मग परवाना घ्यावा. एका वर्षाच्या आतच, मे २०१४ मध्ये, दिलेले सर्व तात्पुरते परवाने रद्द झाले. चीनने १ जुलै २०२१ पासून कृत्रिम कॅनाबिनॉइडांचा संपूर्ण वर्ग रचनेच्या आधारे बंद केला. एकेका नावाऐवजी रेणूच्या सांगाड्याची व्याख्या करण्याची ही रीत मला त्यांतल्या त्यांत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात संज्ञा यौगिकही राहते आणि तिची सीमाही आखलेली राहते. भारतीय अनुसूची मात्र मुख्यतः नावांचीच यादी आहे.

गांज्याच्या वनस्पतीविषयी आपला कायदा तसा बारकाईने बोलतो, आणि मराठीचा ढिगारा तो बारकावा गिळून टाकतो. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे; शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने गांजा नव्हेत. म्हणूनच पानांपासून होणारी भांग या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली आणि महाराष्ट्रात तिचा कारभार १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाकडे गेला. दारूबंदी नावाच्या कायद्याने भांगेचे नियंत्रण करावे, हाही संज्ञाव्यवहाराचा एक मासलाच. परंतु बोलीत ‘गांजा’ म्हणजे सबंध झाड. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात शेतात छापा पडतो, तेव्हा ‘गांज्याची झाडे’ उपटली जातात आणि वजनाच्या आकड्यात ओली मुळे, खोडे, पाने यांचाही भार येतो. पंचनाम्यांतून ‘हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, बिया व काड्या असलेला गांजा’ अशा धर्तीचे वाक्य ठशासारखे उतरते. लिहिणाऱ्याला वाटते, आपण वस्तूचे पूर्ण वर्णन केले. बचावाच्या वकिलाला त्याच वाक्यात सुटकेची वाट दिसते, कारण पाने आणि काड्या किती व शेंडे किती, हे त्यातून कळत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे जामिनाच्या प्रकरणांत हा मुद्दा आलेला आहे.

हा भेद शब्दच्छल नाही, कारण या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते आणि वजनाची पट्टी नावावर. गांज्याचे अल्प प्रमाण १ किलोपर्यंत, वाणिज्यिक प्रमाण २० किलो. चरसाचे १०० ग्रॅम आणि १ किलो. शुद्ध टीएचसीचे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. मेफेड्रॉनचेही २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. वाणिज्यिक प्रमाण ठरले की दहा ते वीस वर्षे कारावास, आणि आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्यावाचून जामीन नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात असा निर्णय दिला की, मिश्रणात अंमल नसलेले द्रव्य असले तरी वजन सबंध मिश्रणाचे धरावयाचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली एलएसडी शोषलेल्या कागदाचे वजनही त्यातच मोजले, आणि एलएसडीचे वाणिज्यिक प्रमाण एक दशांश ग्रॅम आहे. आता पाल्यावर फवारलेल्या संयुगाचा विचार करावा. पाकिटात संयुग काही मिलिग्रॅम, पाला कित्येक ग्रॅम. पंचनाम्यात ‘गांजा’ लिहिले तर पट्टी किलोची. प्रयोगशाळेने संयुग ओळखले आणि ते अनुसूचीत असले, तर पट्टी ग्रॅमची. ओळखले पण अनुसूचीत नसले, तर पट्टीच नाही. एकाच खिशातले एकच पाकीट.

येथे पंचनाम्याच्या मराठीतील एका प्रत्ययवजा शब्दाची नोंद केली पाहिजे. तो शब्द ‘सदृश’. ‘मेफेड्रॉनसदृश पांढरी भुकटी’, ‘गांजासदृश वनस्पती’ असे हवालदार लिहितो, तेव्हा तो भाषेचा अत्यंत प्रामाणिक वापर करीत असतो. नाव देण्याचा अधिकार माझा नाही, प्रयोगशाळेचा आहे, असे तो सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘सदृश’ गळून पडतो. २०१५ साली मेफेड्रॉनच्या म्हणून गाजलेल्या मुंबईतील एका प्रकरणात जप्त भुकटी तपासणीअंती अजिनोमोटोच्या जातीची निघाल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. मथळ्यांतला शब्द मात्र तोवर लोकांच्या मनात बसून गेला होता. आकड्यांचेही असेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी हैदराबादेतील एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला. तपासाची दोरी काशिमीऱ्यातल्या एका लहान जप्तीपासून निघाली होती, आणि ती तेथवर नेणे हे काम निश्चितच मोठे होते. परंतु सर्वत्र छापले गेले ते ‘१२ हजार कोटींचे ड्रग्ज’. प्रत्यक्ष हाती आलेले मेफेड्रॉन सुमारे सहा किलो होते. उरलेला आकडा हजारो लिटर रसायनांपासून पुढे काय होऊ शकले असते, याचा. ‘होऊ शकले असते’ हा संकेतार्थ ‘आहे’ या स्वार्थात छापला गेला. व्याकरणाचा विद्यार्थी याला अर्थबदल म्हणेल.

बंदीच्या विरोधकांची भाषा याहून निर्दोष आहे, असे नाही. त्यांचे आवडते विशेषण ‘नैसर्गिक’. गांजा नैसर्गिक आहे, रसायन कृत्रिम आहे, म्हणून गांजा सोडावा. अफू नैसर्गिक आहे, धोतराही नैसर्गिक आहे. या युक्तिवादात त्यांचे काय करावयाचे? पंजाबातील खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ साली मांडलेल्या खासगी विधेयकाने परंपरागत सौम्य कैफ आणि घातक रासायनिक द्रव्ये यांत भेद करण्याचा प्रयत्न केला. भेद करण्याची त्यांची इच्छा योग्यच होती. पण ‘सौम्य’ हे मोजमापाचे विशेषण आहे आणि त्याचे माप द्यावे लागते. या दृष्टीने १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनचे काम आजही वाचण्यासारखे आहे. वसाहतीच्या सरकारने महसुलावर डोळा ठेवून नेमलेले ते मंडळ, हे विसरता येत नाही. तथापि १,१९३ साक्षीदारांना प्रश्न विचारण्यापूर्वी भांग, गांजा व चरस म्हणजे नेमके काय, त्यांची प्रांतोप्रांतीची नावे कोणती, हे त्याने आधी निश्चित केले, आणि मग मर्यादित सेवनावर सरसकट बंदी नको, असे मत दिले. त्याचे मत कोणास पटो वा न पटो, संज्ञा आधी आणि मत मागून, हा त्याचा क्रम बिनतोड होता. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांज्याला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तेव्हा भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. त्या मताची मराठीत जी तुरळक चर्चा झाली, तीत भारताने ‘अंमली पदार्थांना’ पाठिंबा दिला, असा सूर उमटला. ढिगाऱ्याच्या शब्दाने याहून वेगळे काय होणार?

विष हे विष. मुले मरत असताना संज्ञा कसल्या तपासता, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो मनापासून घेतला जातो हे मी जाणतो. पण ज्याच्या मुलाच्या दप्तरात पाकीट सापडले आहे, त्या बापाला प्रथम हेच जाणून घ्यावयाचे असते की, हे काय आहे. गांजा असेल तर एक उपाय, मेफेड्रॉन असेल तर दुसरा, फवारलेला पाला असेल तर रात्रीच रुग्णालय गाठावे लागते. व्यसनाधीनाने स्वेच्छेने उपचार पत्करले, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम याच कायद्यात आहे. ‘अंमली पदार्थांचा गुन्हा’ एवढेच ठाऊक असलेल्या कुटुंबाला त्याचा पत्ताही नसतो. माझे स्वतःचे मत असे की, कृत्रिम कॅनाबिनॉइडांवर वर्गशः बंदी हवी आणि वनस्पतीचा प्रश्न तीतून सोडवून स्वतंत्र कायद्याने हाताळावा. परंतु ज्यांना सर्वच बंद हवे, त्यांनाही आपण काय बंद करीत आहोत हे सांगता आले पाहिजे.

१९९८ पासून महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, साक्ष ही मराठीत. कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालातील रासायनिक नाव इंग्रजीत. आणि या दोहोंना जोडणारा शब्द कोठेच नाही. भाषा संचालनालयाच्या कोशांत या नव्या वर्गांसाठी संज्ञा घडविताना व्युत्पत्तीचे भाषांतर टाळावे, ‘गुंगीकारक’ हे विशेषण निवृत्त करावे, आणि ‘अनुसूचित द्रव्य’ यासारखा उघडपणे रूढ असलेला शब्द योजावा, असे सुचवावेसे वाटते. तो ऐकताच ‘कोणत्या अनुसूचीत?’ हा प्रश्न आपोआप येतो. लोकांचा शब्द कोशकार देऊ शकत नाही. तो ‘गर्द’सारखा वस्तीतूनच यावा लागेल, आणि कदाचित नया नगर किंवा भाईंदर पूर्वेच्या गल्लीत तो आलाही असेल. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्यांनी ठाण्याच्या विशेष न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यांतील पंचनामे पाहावेत. ‘सदृश’ कोठे येतो आणि कोणत्या कागदावर गळतो, ‘गांजा’ या शब्दाशेजारी कोणती विशेषणे बसतात, आणि प्रयोगशाळेचे नाव निकालपत्राच्या मराठीत कोणत्या रूपाने उतरते, एवढे मोजले तरी एका वर्षाचे काम होईल.